मज्जातंतूचा निरोप आणि चिमूटभर चुना

वर्गात प्राध्यापक प्रश्न विचारतात आणि ज्याला उत्तर येते तो हात वर करतो. यात नवल वाटावे असे काही नाही. मनात आले, हात वर गेला. आपण कला शाखेची मंडळी या वाक्याच्या पहिल्या भागाविषयी पुष्कळ बोलतो. तत्त्वज्ञानाच्या तासाला संकल्पस्वातंत्र्याची चर्चा होते, मानसशास्त्राच्या तासाला प्रेरणांची, आणि साहित्याच्या तासांना तर माणसाच्या मनाशिवाय दुसरा विषयच नसतो. परंतु 'मनात आले' आणि 'हात वर गेला' यांच्या मधोमध जो स्वल्पविराम आहे, त्यात काय घडते?

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात मज्जासंस्थेचे एक प्रकरण असते. आमच्यापैकी बहुतेक जण ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि मिटून ठेवतात. मज्जातंतूच्या टोकाशी एक रासायनिक द्रव्य स्रवते व त्यामुळे स्नायू आकुंचन पावतो, एवढे लिहिले की गुण मिळतात. पण ते द्रव्य स्रवते का, किती स्रवते आणि ते 'किती' कोण ठरवते, हे प्रश्न माझ्या मनातून जाईनात. उत्तरे शोधता शोधता मी लंडनच्या नळाच्या पाण्यापाशी पोचले, आणि तिथून थेट आमच्या गोठ्यात. त्या प्रवासाचा हा वृत्तांत. शास्त्र शाखेच्या मित्रांना यातले काही परिचयाचे असेल. त्यांनी सांभाळून घ्यावे.

निरोप आणि खिंड

पाठीच्या कण्यातून निघालेला मज्जातंतू हाताच्या स्नायूपर्यंत येतो, पण त्याला चिकटत नाही. दोहोंमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी ती रुंद असते. साध्या डोळ्यांना तर नाहीच, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकालाही ती दिसत नाही. तरीही तिथे काहीतरी वेगळे आहे याची चाहूल फार आधी लागली होती. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतले 'क्युरारे' हे बाणाला लावायचे विष बेडकावर वापरले. विष भिनलेल्या बेडकाचा मज्जातंतू शाबूत होता आणि स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तोही आखडत होता. पण मज्जातंतूतून पाठवलेला निरोप स्नायूपर्यंत पोचत नव्हता. पाठवणारा ठीक, घेणारा ठीक, आणि तरी पत्र गहाळ! दोष मधल्या जागेत होता.

मज्जातंतूतून धावणारा निरोप विजेचा असतो, पण आपल्या घरातल्या तारेतल्या विजेसारखा नव्हे. मज्जातंतूच्या बाहेर मिठाचे पाणी असते. त्या मिठातील सोडियमचे विद्युतभारित कण क्षणभर आत घुसतात, मग त्यापुढच्या भागात घुसतात, आणि अशी लाट तंतूच्या टोकापर्यंत जाते. ॲलन हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी १९४९ साली दाखवले की, बाहेरच्या द्रावणातले सोडियम कमी केले की ही लाटही लहान होते. म्हणजे निरोप वाहून नेण्याचे काम आपले रोजचे मीठ करते. पण टोकाशी खिंड येते. तिथे ही लाट विरते. पुढचे काम मिठाचे नाही. ते दुसऱ्याच एका क्षाराचे आहे, आणि त्याचा शोध हृदयाच्या निमित्ताने लागला.

लंडनचे नळाचे पाणी

सिडनी रिंगर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात ते बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात ते किती वेळ धडधडते, हे पाहत. १८८२ साली त्यांनी लिहिले की अशा पाण्यात हृदय उत्तम चालते. मग एकदा नवे द्रावण केले आणि हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबले. असे का व्हावे? शोध घेता उलगडा झाला. आधीचे द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले असावे असा त्यांचा समज होता, पण प्रत्यक्षात मदतनिसाने नळाचे पाणी वापरले होते. लंडनला न्यू रिव्हर वॉटर कंपनी जे पाणी पुरवी त्यात चुन्याचा अंश होता. चुन्यातला मूळ धातू म्हणजे कॅल्शियम. शुद्ध पाण्यात मीठ होते, पण कॅल्शियम नव्हते, आणि त्यावाचून हृदय चालेना. १८८३ साली रिंगर यांनी हे सारे प्रांजळपणे छापले.

आज दवाखान्यात सलाईनच्या बाटल्यांवर 'आर. एल.' अशी अक्षरे दिसतात. त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. पुढे १९३० च्या दशकात अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी त्यात लॅक्टेट मिसळले आणि 'रिंगर लॅक्टेट' तयार झाले. बेडकासाठीच्या नेहमीच्या रिंगर द्रावणात एका लिटरला साधारण साडेसहा ग्रॅम मीठ असते आणि कॅल्शियम क्लोराइड जेमतेम ०.२ ग्रॅम, म्हणजे मिठाच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. आमटीत मीठ घातल्यावर वरून चिमूटभर काहीतरी टाकावे, तितकेच. पण सगळी चव त्या चिमटीत!

हृदयानंतर पाळी आली स्नायूची. १८९४ साली एफ. एस. लॉक यांनी बेडकाचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवला. काही वेळाने मज्जातंतूला दिलेला झटका स्नायूला कळेनासा झाला. स्नायूला थेट झटका दिला तर तो आखडत होता. पाण्यात थोडे कॅल्शियम टाकताच तुटलेला संवाद पुन्हा सुरू झाला. बर्नार यांच्या विषाने जे केले होते, तेच येथे कॅल्शियमच्या नुसत्या अभावाने झाले होते. मात्र याचा अर्थ त्या वेळी कोणालाच नीट सांगता आला नाही, कारण खिंड ओलांडते काय, हेच मुळी ठाऊक नव्हते.

खिंड ओलांडणारे द्रव्य

ते कळण्यास १९२१ साल उजाडावे लागले. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोएवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याचा मज्जातंतू उत्तेजित केला, तसे ते मंदावले. त्याच्या आतले रिंगर द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातले, तर तेही मंदावले! दुसऱ्या हृदयाला कोणत्याही मज्जातंतूने हुकूम दिला नव्हता. म्हणजे हुकूम द्रावणातून आला होता. ते द्रव्य असेटिलकोलिन होते. तेच द्रव्य हातापायांच्या स्नायूंपाशीही मज्जातंतूच्या टोकांतून बाहेर पडते, हे हेन्री डेल, विल्हेल्म फेल्डबर्ग आणि मार्था फोग्ट यांनी लंडनमध्ये १९३६ साली दाखवले. त्याच वर्षी लोएवी आणि डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे क्षणभर थांबले पाहिजे. लोएवी ज्यू होते. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना अटक झाली, आणि नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातील बँकेत वळते केल्यानंतरच त्यांना देश सोडू दिला. फेल्डबर्ग यांना १९३३ साली बर्लिनमधून काढून टाकले होते. आणि या लेखाचे जे खरे नायक, ते बर्नार्ड कात्झ, लाइपझिगला वैद्यकशास्त्र शिकून १९३५ साली जर्मनी सोडून लंडनला आले. ज्या राजवटीने माणसांची प्रतवारी लावली, तिने हाकललेल्या माणसांनी बेडकाच्या एका स्नायूतून सर्व माणसांत सारखे असलेले काहीतरी शोधून काढले. शास्त्राचा इतिहास हा केवळ प्रयोगशाळेचा इतिहास नसतो.

पुड्यांचा हिशोब

दुसऱ्या महायुद्धानंतर कात्झ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात परतले. रिंगर यांचे हॉस्पिटलही याच कॉलेजचे. तेथे पॉल फॅट आणि ते, केसाहून कितीतरी बारीक काचेची नळी स्नायूत खुपसून मज्जातंतूच्या टोकाजवळचा विद्युद्दाब मोजत होते. एक विचित्र गोष्ट दिसली. मज्जातंतू शांत, स्नायू शांत, कोणी कोणाला काही सांगत नाही. तरीही मोजमापाच्या पडद्यावर अधूनमधून बारीक उसळ्या येत होत्या. प्रत्येक उसळी साधारण अर्ध्या मिलिव्होल्टची, म्हणजे विजेरीच्या दीड व्होल्टच्या सेलचा तीन हजारावा भाग. यंत्रातला बिघाड म्हणून कोणीही ते सोडून दिले असते. फॅट आणि कात्झ यांनी सोडले नाही. क्युरारे घातले की उसळ्या मावळत, म्हणजे त्या असेटिलकोलिनच्याच होत्या. १९५० ते १९५२ या काळात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या उसळ्या जवळजवळ सारख्या मापाच्या होत्या, हे त्यातले मर्म. असेटिलकोलिनचे रेणू एकेक करून गळत असते तर इतकी ठळक उसळी उमटली नसती. पुढील संशोधनावरून एका उसळीमागे काही हजार रेणू एकदम सुटतात असे ठरले आहे. आपल्या किराणा दुकानदाराचे उदाहरण घ्या. तो चहा सुटा विकत नाही. त्याने आधीच पुड्या बांधून ठेवल्या आहेत. अर्धी पुडी मिळत नाही. गिऱ्हाईक नसतानाही चुकून एखादी पुडी फळीवरून खाली पडावी, तशी ही एकेक उसळी. १९५० च्या दशकाच्या मध्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जातंतूच्या टोकात बारीक गोल पिशव्यांची गर्दी दिसली, तेव्हा पुड्यांचे कोठारच सापडले.

मग क्षाराचा संबंध कुठे आला? १९५४ साली होसे देल कास्तियो आणि कात्झ यांनी द्रावणातले कॅल्शियम कमी केले आणि मॅग्नेशियम वाढवले. निरोप इतका क्षीण झाला की स्नायू आखडेना. मग ते एकेक झटका देऊन नोंदी घेत बसले. कधी एका उसळीएवढा परिणाम दिसे, कधी दोन उसळ्यांएवढा, कधी तीन. कधी काहीच नाही. दीड पुडी मात्र कधी नाही. आणि प्रत्येक पुडीचे वजन पूर्वीइतकेच! कॅल्शियम कमी केल्याने पुडी हलकी होत नव्हती, पुड्यांची संख्या घटत होती. या संपूर्ण विषयातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे मला वाटते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुढचा भाग आवडेल, कारण तो संख्याशास्त्राचा आहे. पुष्कळ संधी असतात, प्रत्येक संधीत घटना घडण्याचा संभव थोडा असतो, अशा वेळी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचे सूत्र लागू पडते. त्याचे प्रसिद्ध उदाहरण बोर्टकिएविच यांनी १८९८ साली दिले: प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेले सैनिक. दहा पलटणींच्या वीस वर्षांच्या मिळून २०० नोंदी, त्यात एकूण १२२ मृत्यू. सूत्र सांगते की एकही मृत्यू नसलेल्या नोंदी सुमारे १०९ असाव्यात. प्रत्यक्षात त्या १०९ च होत्या. देल कास्तियो आणि कात्झ यांच्या नोंदीही याच सूत्राने चालत होत्या. एका झटक्याला सरासरी एक पुडी सुटत असेल, तर शंभर झटक्यांपैकी सुमारे ३७ वाया जातात, ३७ वेळा एक पुडी सुटते, १८ वेळा दोन, ६ वेळा तीन आणि उरलेल्या दोनेक वेळा त्याहून अधिक. घोड्याची लाथ आणि हात वर करण्याची इच्छा, दोन्ही एकाच कोष्टकात बसतात, हे वाचून मी चकित झाले.

पण मग आपला हात शंभरात ३७ वेळा का फसत नाही? कारण नेहमीच्या कॅल्शियममध्ये बेडकाच्या एका संधीवर दर झटक्याला शे-दोनशे पुड्या सुटतात. स्नायू आखडायला त्याहून पुष्कळ कमी पुरतात. प्रत्येक पुडी दैवाधीन, पण शेकडो पुड्या मिळून निरोप खात्रीचा. निसर्गाने खात्री मिळवली आहे ती नेमकेपणाने नव्हे, तर उधळेपणाने.

दार, वेळ आणि मात्रा

कॅल्शियम नेमके करते काय? मज्जातंतूच्या आत ते जवळजवळ नसतेच. बाहेर जेवढे, त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग आत. विजेची लाट टोकाला पोचली की तिथली खास दारे उघडतात आणि कॅल्शियम आत घुसते. आत पुड्या दाराशीच तयार ठेवलेल्या असतात. कॅल्शियम त्यांच्यावरील सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला जाऊन मिळते, पिशवी भिंतीला चिकटून फुटते आणि द्रव्य खिंडीत सांडते. हे सर्व एक सहस्रांश सेकंदाच्या आसपास आटोपते. या प्रथिनावरील कामासाठी टॉमस स्यूडहोफ हे २०१३ सालच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. कात्झ यांना ते १९७० साली मिळाले होते.

कॅल्शियम नुसते असून भागत नाही, ते वेळेवर असावे लागते. कात्झ आणि मेक्सिकोचे रिकार्दो मिलेदी यांनी १९६७ च्या सुमारास कॅल्शियम नसलेल्या द्रावणात स्नायू ठेवला आणि बारीक नळीतून मज्जातंतूच्या टोकावर कॅल्शियमचा शिडकावा केला. झटक्याच्या किंचित आधी शिडकावा केला तर पुड्या सुटल्या. झटका होऊन गेल्यावर केला तर एकही सुटली नाही. गाडी सुटल्यावर फलाटावर आलेल्या उतारूची जी गत, तीच त्या कॅल्शियमची.

मात्रेचा हिशोब तर आणखी विलक्षण. १९६७ सालीच डॉज आणि रहामिमोफ यांनी मोजून पाहिले की, कॅल्शियम आधीच कमी असताना ते आणखी निम्मे केले तर पुड्या निम्म्या होत नाहीत. त्या जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर येतात. म्हणजे संबंध चौथ्या घाताचा. एक पुडी सोडण्यासाठी कॅल्शियमचे अनेक कण एकाच वेळी हजर असावे लागतात, असा त्याचा अर्थ. चार माणसांनी मिळून उचलायची पालखी असावी आणि गावात माणसे कमी असावीत, तशी ही स्थिती. माणसे निम्मी झाली तर एकाच वेळी चौघे जमण्याचा योग फार दुर्मिळ होतो. मात्र कॅल्शियम भरपूर असेल तेव्हा थोडे कमी-अधिक झाल्याने इतका फरक पडत नाही. गावात माणसे मुबलक असली की पालखी अडत नाही.

आणि मॅग्नेशियम? ते कॅल्शियमचे भावंड, त्याच्यासारखाच दुहेरी विद्युतभार असलेले. तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभा राहणारा पण तिकीट न काढणारा माणूस जे करतो, ते मॅग्नेशियम करते. जागा अडवते, काम करत नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मेल्टझर आणि ऑअर यांनी १९०८ सालीच पाहिले होते की, मॅग्नेशियमच्या क्षाराने लुळा पडलेला प्राणी शिरेतून कॅल्शियम देताच झपाट्याने सावध होतो. त्यामागचे कारण पुढे पुड्यांच्या हिशोबाने कळले.

गोठ्यातली गाय

हे सारे बेडकाचे झाले. आता आमच्या गोठ्यात चला. आमची एक संकरित गाय, तिसऱ्या वेताची, भरपूर दूध देणारी. व्याल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना. मान वळवून पोटाला लावलेली, कान गार, डोळे निस्तेज. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पशुवैद्य आले, त्यांनी पाहताक्षणी 'दुग्धज्वर' म्हणून सांगितले आणि मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. बाटली ते अगदी सावकाश सोडत होते आणि छातीला नळी लावून ठोके ऐकत होते. अर्ध्या-पाऊण तासात गायीच्या अंगावर थरथर आली, तिने शेण टाकले, आणि मग ती उठून उभी राहिली. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले, कारण त्या गायीवर घरातल्या दोघांची फी अवलंबून होती. आजी म्हणाली, "मिठानंच आली गं शुद्धीवर." एका अर्थी तिचे म्हणणे खरेच होते, फक्त क्षार वेगळा होता आणि तो ओवाळायचा नव्हता.

नावात ज्वर असला तरी या आजारात ताप नसतो. कारण आहे चीक. ज्याचा आपण खरवस करतो, त्या पहिल्या चिकात कॅल्शियम फार असते. दहा लिटर चिकातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते, आणि गायीच्या रक्तात एका वेळी फिरणारे सारे कॅल्शियम जेमतेम तीन ग्रॅमच्या घरात. हाडांत किलोंनी साठा असतो, पण तो इतक्या तातडीने मोकळा होत नाही. रक्तातले कॅल्शियम निम्म्यापर्यंत खाली येते, मज्जातंतूंच्या टोकांतून पुड्या कमी सुटतात आणि सहा-सात मणांचे जनावर जमिनीला खिळते. १९२५ साली ड्रायर आणि ग्रेग यांनी एडिंबरा येथून कॅल्शियमच्या कमतरतेचे कारण मांडले. त्याआधी युरोपात गायीच्या कासेत हवा भरीत, आणि त्याने पुष्कळ गायी वाचतही. आता त्याचे कारण सहज कळते. दाबामुळे दूध उतरणे थांबे आणि कॅल्शियमची गळती बंद होई. उपाय आधी, कारण मागाहून, हे शास्त्रात नेहमीचेच आहे.

डॉक्टर ठोके का ऐकत होते, हेही रिंगर यांच्या बेडकाने सांगून ठेवले आहे. हृदयाला कॅल्शियम लागते, पण ते एकदम फार झाले तर तेच हृदय बंद पडते. त्यामुळे ही बाटली घरच्या घरी लावण्याची नव्हे.

येथे एक शंका येईल. माणसात कॅल्शियम कमी झाले तर हातापायांना पेटके येतात, बोटे आखडतात. गाय मात्र लुळी पडते. हे उलटे कसे? कॅल्शियमची कामे दोन आहेत. ते पुड्या सोडते, आणि मज्जातंतूच्या बाहेर राहून त्याला शांतही ठेवते. ते कमी झाले की तंतू चिडखोर होतो आणि कोणी न सांगता निरोप पाठवू लागतो. माणसात पुड्यांची शिल्लक भरपूर असल्याने हे अवेळी निरोप स्नायूपर्यंत पोचतात व पेटके येतात. गायीत सुरुवातीला थोडी थरथर होते, पण लवकरच पुड्यांची टंचाई वरचढ ठरते. क्षार एक, कामे दोन. कोणते आधी कोलमडते त्यावर रोगाचे रूप ठरते.

गुडघ्यावरचा हातोडा

माझी मावशी प्रसूती विभागात परिचारिका आहे. गरोदरपणात रक्तदाब फार वाढून झटके येतात, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. त्यात या क्षाराने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. झटके थांबवण्याचे त्याचे काम मुख्यतः मेंदूत आणि रक्तवाहिन्यांत चालते. परंतु मात्रा वाढली तर ते स्नायूंच्या संधींवरही रांग अडवू लागते. म्हणून पुढचे इंजेक्शन देण्याआधी मावशी रबरी हातोडीने गुडघ्याखाली हलकेच ठोकते. पाय उडाला तर ठीक. उडाला नाही तर इंजेक्शन थांबवायचे आणि डॉक्टरांना बोलवायचे, कारण गुडघ्याचा झटका आधी जातो आणि श्वासाचे स्नायू त्यानंतर. श्वास आणि लघवीचे प्रमाणही ती मोजते. उतारा म्हणून शेजारच्या ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट तयार असते. मेल्टझर आणि ऑअर यांनी प्राण्यांवर पाहिले ते, दर पाळीला, एका आईच्या उशाशी!

मी तिला पुड्यांचा हिशोब सांगितला. ती म्हणाली, "आम्हाला शिकवताना फक्त 'गुडघा बघा' एवढंच सांगितलं होतं. का बघायचा ते आज कळलं." मग थोडे थांबून म्हणाली, "कळलं नसतं तरी बघितलाच असता. पण आता रात्री दोन वाजतासुद्धा विसरणार नाही." माहिती आणि ज्ञान यांतला फरक मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा या दोन वाक्यांत अधिक स्पष्ट दिसला.

कोणी म्हणेल, मग कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या की कबड्डीत बळ वाढेल का? नाही. निरोगी शरीर रक्तातले कॅल्शियम फार काटेकोर राखते. गळ्यातील छोट्या ग्रंथी, हाडे आणि मूत्रपिंडे मिळून तराजूचा काटा हलू देत नाहीत. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम, यापलीकडे सहसा नाही. गोळी कमतरतेवर, आणि तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

दुसरा आक्षेप आपल्याच शाखेतून येईल. माणसाची इच्छा अशी क्षाराच्या चिमटीवर आणून ठेवली तर इच्छाशक्तीला अर्थ काय उरला? मला वाटते, अर्थ कमी होत नाही, त्याची जागा नेमकी कळते. हात वर करावा की नाही, हे चुना ठरवीत नाही. ठरलेले हातापर्यंत पोचेल की नाही, एवढेच तो ठरवतो. उठायची इच्छा आमच्या गायीलाही असणारच. तिचे पाय ती ऐकत नव्हते. न उठणाऱ्या जनावराला किंवा माणसाला आळशी, हट्टी, मनाने खचलेला म्हणण्यापूर्वी मधली खिंड तपासली पाहिजे, हे या अभ्यासाने मला शिकवले. तपासायला लागते तरी काय? कधी एक रक्तचाचणी, तर कधी रबराची लहानशी हातोडी आणि ती कशासाठी मारायची हे ठाऊक असलेला हात.